एदुविहिसच्या रश्श्याची ताकद

सान पेद्रो दे माकोरिस
१७ एप्रिल २००६

बाळ लेओ,

अरे, तू वर्तमानपत्रात वार्ताहर आहेस की माझ्या खानावळीच्या पाट्या रंगवतोस? तुझा लेख रविवारी आला आणि सोमवारी मी दार उघडायच्या आत बाहेर ही गर्दी. सगळ्यांना एकच हवं: ट्रापिचे पितो तो गाईच्या पायांचा रस्सा. एका काटकुळ्याने विचारलं, "दोन्या एदुविहिस, किती वाट्यांत असे दंड होतात?" मी म्हटलं, "तुझे? तुला अख्खी गाय लागेल, शिंगांसकट."

फोनवर हे बोलले असते, पण फोन काउंटरवर आहे आणि काउंटरवर चार रिकामटेकडे कायम कान टवकारून बसलेले असतात. म्हणून चिठ्ठी. तूही चिठ्ठीच लिही. इंटरनेटच्या दुकानातली ती पोरगी सगळ्यांची पत्रं वाचते आणि पुन्हा सल्ले देते.

तर तू काय लिहिलंयस? आपल्या गावचा एव्हारिस्तो केसादा, समोरच्याला उसाच्या चरकासारखा पिळून काढतो म्हणून ज्याला आपण ट्रापिचे म्हणतो, तो सुट्टीत घरी आला की रोज पहाटे तुझ्या आत्याच्या हातचा रस्सा तीन-तीन वाट्या पितो. म्हणून त्याचे दंड एका हिवाळ्यात असे फुगले आणि म्हणून आता तिकडे उत्तरेत, बेसबॉलच्या मोठ्या मैदानांत, त्याचे चेंडू कुंपणापार जातात. वा रे वा! बोलाचीच कढी न् बोलाचाच भात.

लेओ, तुझी आई गेल्यापासून तुला मीच वाढवलं. तुझी थाप मला वासावरून कळते. तो सगळ्या हिवाळ्यात चारदा आला. तीनदा उकडलेली कोंबडी मागितली, मीठसुद्धा नको म्हणाला. चौथ्यांदा रस्सा घेतला, तोही तू फोटोवाला आणलास म्हणून. अर्धी वाटी तशीच टाकून गेला.

आणि त्याची ती टोपी. एकोणीस वर्षांचा असताना पहिल्यांदा उत्तरेत निघाला, तेव्हा माझ्या भिंतीवरच्या खिळ्याला लावून गेला होता ती. मापाने शिवलेली, मागे पट्टाबिट्टा नाही. जानेवारीत दुकान बंद झाल्यावर त्याने ती घालून बघितली. बसेच ना! नारळावर वाटी पालथी घालावी तशी वरच्या वर टेकून राहिली. मी म्हटलं, "टोपी आटली की काय रे?" तो हसला. तूही हसलास. दंड वाढले, एक वेळ मान्य. तिशी उलटल्यावर डोकं कशाने वाढतं रे? रश्श्याने?

असो. गिऱ्हाईक वाढलंय, मी कशाला तक्रार करू? सूनबाईला, योकास्ताला, आशीर्वाद. माझ्या धर्मकन्येला, तुझ्या आरेलिसला, गोड पापा. तिचा धर्मपिता तिला भेटतो का, की नुसतेच चेंडू मारतो?

तुझी आत्या,
एदुविहिस


शिकागो, हॉटेलातून
२ मे

प्रिय आत्या,

तुझी चिठ्ठी विमानात वाचली आणि एवढ्यांदा हसलो की शेजारचा माणूस जागा बदलून बसला. टोपीचं मात्र कुणाकडे बोलू नकोस. ओलावा, ऊन, तुझ्या स्वयंपाकघरातली वाफ, कापड आटतंच.

तुला माझा धंदा समजावून सांगतो. संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एक पाटी आहे: इथे जे दिसेल, इथे जे ऐकाल, ते इथेच ठेवून जा. आम्ही वार्ताहर रोज त्या पाटीखालून आत जातो. ही आमच्या व्यवसायाची शिस्त. खोलीत एक गृहस्थ येतो, हातात बर्फाची छोटी पेटी असते. पेटीत जीवनसत्त्वं असतात. ती ट्रापिचे पडद्यामागे घेतो. आम्ही त्या वेळी जोड्यांच्या नाड्या बांधतो. मी तर हल्ली नाड्यांचे जोडेच घालतो.

पाठीवर पुरळ आलंय त्याच्या. ते उन्हाने.

मागच्या वर्षी इथल्या एका वार्ताहराने पेटीबद्दल विचारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून एकही खेळाडू त्याच्याशी बोलेना. आता तो बिचारा शाळेतल्या मुलींच्या पोहण्याच्या शर्यतींवर लिहितो. मला घर आहे, बायको आहे, पोरगी आहे. आणि ट्रापिचे माझा कोंपाद्रे आहे, माझ्या लेकीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर हात धरलेल्या माणसाच्या पेटीत डोकावायचं? आपल्यात असं करतात?

तूच तेव्हा नाक मुरडलं होतंस. "धर्मपिता शोधतोयस की बातम्या पुरवणारा?" म्हणालीस. आज बघ, साऱ्या देशात तो फक्त माझ्याशी मनमोकळं बोलतो.

एक काम होतं. त्याचे वडील उसाच्या मोळ्या एका हाताने उचलायचे असं काही गावात बोलतात का? नसतील बोलत तर तू बोलायला सुरुवात कर. पुढच्या रविवारी लागेल.

तुझा,
लेओ


सान पेद्रो
२९ मे

लेओ,

त्याचा बाप सायकलवर बर्फाचे गोळे विकायचा आणि त्याचा खांदा कायम दुखायचा. लिही हवं तर.

इकडे चाललंय जोरात. शेजारची रिकामी खोली घेतली, मधली भिंत पाडली, मोठं पातेलं आणलं. तुझा लेख चौकट करून भिंतीवर लावलाय, लोक त्याच्याकडे बघत पितात. खाटीक फेयो माझ्याशी आता टोपी काढून बोलतो. पूर्वी गाईचे पाय कुत्र्यांना टाकायचा, हल्ली माझ्यासाठी बाजूला ठेवतो.

पण मनाला बरं वाटत नाही. हे सगळं तुझ्या शब्दांवर उभं आहे, आणि तुझे शब्द मला ठाऊक आहेत. लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हासुद्धा वाऱ्याचं नाव घेतलं होतंस.

पापा आरेलिसला.

आत्या


डेट्रॉइट, हॉटेलातून
९ ऑगस्ट

आत्या,

घाईत लिहितोय. विमानतळावर जाणाऱ्या एका बाईच्या हाती देतोय, उद्या तुला मिळेल.

ट्रापिचेच्या लघवीच्या तपासणीत काहीतरी निघालं आहे. गुरांचं वजन वाढवायला टोचतात त्यातलं औषध म्हणे. पन्नास सामने बाहेर. अजून कुणाला माहीत नाही. परवा तो टीव्हीवर निवेदन वाचणार आहे. वकील आलेत, चांगले आहेत.

तू कुणाशी काही बोलू नकोस. आणि दोन-तीन दिवस रस्सा करू नकोस. मासे कर. उगीच आपलं.

लेओ


सान पेद्रो
१६ ऑगस्ट

श्रीयुत लेओविहिल्दो तावारेस, क्रीडा वार्ताहर, यांस,

"उगीच आपलं!" तुला माहीत होतं. तुला आधीपासून माहीत होतं, आणि तू मला मासे करायला सांगितलेस!

भरलं दुकान होतं. वीज नुकतीच आली होती म्हणून सगळे ओरडून टाळ्या वाजवत होते, आणि टीव्ही लागला तर समोर ट्रापिचे. कोट, टाय, डोळे पाण्याने भरलेले. म्हणतो, मी आयुष्यात कधी काही घेतलं नाही, माझ्या गावच्या एका साध्या खानावळीत मी श्रद्धेने रस्सा प्यायलो, त्या गाईला काय टोचलं होतं ते मला काय ठाऊक? आणि त्याच्या वकिलाने तुझा लेख वर धरला, लेओ! पुरावा म्हणून! रोज पहाटे, तीन वाट्या, वर्तमानपत्रात छापून आलंय, हे बघा. मागे माझ्या भिंतीवर तोच लेख, चौकटीत. सगळ्या दुकानाने आधी टीव्हीकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग आपापल्या वाटीकडे.

अरे, हिवाळ्यात प्यायलेला रस्सा जुलैत लघवीत निघतो काय? एवढं विचारायला एकाही वार्ताहराला तोंड नव्हतं? सगळे मूग गिळून बसलेले.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं आली, स्वयंपाकघराला सील ठोकून गेली. फेयो चौकात उभा राहून ओरडतो, माझ्या गाई स्वच्छ आहेत, एदुविहिसनेच काहीतरी घातलं. आणि गिऱ्हाईकं! चार महिने ज्यांनी दंड मोजत रस्सा ढोसला, त्यांची आता पोटं दुखायला लागली. माक्सिमिना सांगत फिरते की तिला मिशा फुटल्या त्या माझ्या रश्श्याने. बाई गं, तुझ्या आईलाही होत्या. आजीलाही होत्या!

हे सगळं मी गिळलं असतं. पण तुझी बातमी वाचली. तुझ्या नावाने छापलेली. तिचं शेवटचं वाक्य: "संबंधित खानावळीच्या मालकिणीशी संपर्क होऊ शकला नाही."

होऊ शकला नाही? गोवर आला तेव्हा रात्रभर माझ्या मांडीवर होतास, तेव्हा बरा संपर्क होता! पहिली चड्डी मी शिवली. वर्तमानपत्रात चिकटावास म्हणून संपादकाच्या घरी मी डबे पोचवले. आणि संबंधित खानावळ? नाव घ्यायचीही लाज वाटली?

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळून दिला घरच्याच पोराने.

एदुविहिस तावारेस
संबंधित मालकीण


क्लीव्हलंड, हॉटेलातून
२५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझा राग मी समजू शकतो. पण थोडं माझ्या बाजूने बघ.

बातमीत दोन बाजू लागतात. एक बाजू ट्रापिचेची. दुसरी तुझी. तुझी बाजू घ्यायला मी फोन करायला हवा होता, पण फोन करू नकोस असं तूच एप्रिलात लिहिलं होतंस. मग नियमाप्रमाणे काय लिहायचं? संपर्क होऊ शकला नाही. ती ठरलेली वाक्यरचना आहे, आम्ही सगळेच वापरतो. नाव घातलं नाही ते तुझ्या भल्यासाठी.

आणि तो माझा कोंपाद्रे आहे. वकिलाने त्याला हे सुचवलं तेव्हा मी त्याच खोलीत होतो, खोटं कशाला बोलू. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लेओ, तूच लिहिलंयस ना?" मी काय म्हणणार होतो? नाही, मी लिहिलं ते खरं नव्हतं म्हणून? मग उद्यापासून माझ्या कुठल्या लेखावर कोण विश्वास ठेवील?

तुला वाटतं मीच तेवढा वाईट. इथल्यांना बघायला हवंस. सात वर्षं ज्यांनी त्याच्या दंडांवर ओव्या गायल्या, ते आता रोज प्रवचन झोडतायत. आमची फसवणूक झाली! आमच्या मुलांना आम्ही काय सांगू! एक जण तर माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसून नाड्या बांधायचा. त्याचा लेख एवढा गाजला की त्याला आता पुस्तक लिहायला सांगितलंय.

तू दोन ओळींची प्रतिक्रिया पाठव. मी संपादकसाहेबांना विनंती करून बघतो. आतल्या पानावर जागा मिळेल. पंधरा दिवसांत लोक विसरतील बघ.

तुझा,
लेओ


सान पेद्रो
१४ सप्टेंबर

लेओ,

प्रतिक्रिया, दोन ओळी:
माझ्या रश्श्यात गाईचे पाय, लसूण, कोथिंबीर आणि आंबट संत्र्याचा रस असतो.
माझ्या भाच्याच्या लेखात यातलं काहीच नसतं.

छाप.

सील काढलं. खात्याने रस्सा, मांस, पाणी, सगळं तपासलं, काही म्हणजे काही निघालं नाही. ही बातमी तुमच्याच वर्तमानपत्रात आली होती. तुला दिसली नसेल, पावाच्या जाहिरातीखाली होती.

पण माणसं येत नाहीत. मी सवयीने पातेलं चढवते आणि दुपारी एकटी बसून पिते. काल एक जण दारापर्यंत आला, मला बघितलं आणि खिसे चाचपत परत गेला. दोन खोल्यांची खानावळ, सगळी टेबलं पुसलेली, आणि कोणी नाही. हे असंच राहिलं तर वर्ष संपायच्या आत दार बंद करावं लागेल. आणि मला लाज वाटते, लेओ. रश्श्याची नाही. लोक विचारतात, तुझा भाचा तर वर्तमानपत्रात आहे ना, मग? त्या "मग"ला माझ्याकडे उत्तर नाही, त्याची लाज वाटते.

आता ऐक. ट्रापिचे तुझा कोंपाद्रे असेल, तर माझाही आहे. तो आरेलिसचा धर्मपिता, मी धर्ममाता, म्हणजे त्याची कोमाद्रे. पाळण्याच्या दोन बाजू आम्ही धरल्यात. कोमाद्रेच्या ताटाला या गावात कोणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हटलं तर नातं तुटतं आणि अपशकुन पोरीला होतो. तेवीस डिसेंबरला आरेलिसचा वाढदिवस माझ्याकडे आहे. ट्रापिचेला मी त्याच्या आईच्या हातून निरोप पाठवलाय. तुमचे सगळे फोटोवालेही येतील, फुकट जेवायला ते कधी चुकत नाहीत.

तुझ्याकडून लेखबिख काही नको. फक्त पोरीला आण.

आत्या


सांतो दोमिंगो, कचेरीतून
२० नोव्हेंबर

आत्या,

हंगाम संपला, मी परत आलो. राजधानीतच आहे, योकास्ता आणि आरेलिस पुढच्या आठवड्यात येतील.

हात जोडतो, वाढदिवसाचं रद्द कर. ट्रापिचेच्या वकिलाने त्याला तुझ्या दारावरून जायचीही मनाई केली आहे. पण त्याची आई म्हणाली, कोमाद्रेचं बोलावणं मोडणार असशील तर माझ्याही दारात येऊ नकोस. बिचारा दोघांच्या मधे सापडलाय. येणार म्हणतो.

तू नेमकं काय करणार आहेस? सगळ्यांसमोर त्याला बोलशील? माझं नाव घेशील? मला आधी सांग. वचन दे की तमाशा करणार नाहीस.

लेओ


सान पेद्रो
२८ नोव्हेंबर

रस्सा करणार आहे. मला दुसरं काय येतं?

आत्या


सांतो दोमिंगो, कचेरीतून
२१ डिसेंबर

प्रिय आत्या,

मला यायला जमणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी पानांची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मीच मागून घेतली असं योकास्ता म्हणते, पण तसं नाही. म्हणजे अगदी तसं नाही. ती आणि आरेलिस सकाळच्या बसने निघतील. पोरीने पिवळा फ्रॉक घालायचा हट्ट धरलाय.

रागावू नकोस.

लेओ


सान पेद्रो
२४ डिसेंबर, सकाळी

लेओ,

तू आला नाहीस ते बरंच झालं. दाराआड लपायला जागाच नव्हती, एवढी माणसं. आजचा पेपर अजून आमच्याकडे आलेला नाही, त्याच्या आत तुला खरं काय घडलं ते सांगते. योकास्ता दुपारी निघेल, तिच्याकडेच देते ही चिठ्ठी.

ट्रापिचे आईला घेऊन आला. दारात थबकला. मी पुढे होऊन म्हटलं, "या कोंपाद्रे, घर आपलंच आहे." सगळा मोहल्ला बघत होता, बाहेर मोटरसायकलवाले सीटवर उभे राहून बघत होते. तुमचे वार्ताहर नेहमीसारखे पहिल्या टेबलावर, नॅपकिन गळ्यात खोचून. मी त्याला मधोमध बसवला, पोरीला त्याच्या मांडीवर दिलं आणि वाटी पुढे ठेवली.

त्याने वाटीकडे बघितलं, मग आईकडे. आईने फक्त भुवई उडवली. त्याने चमचा उचलला आणि प्यायला. आणि लेओ, तो अर्ध्यावर थांबला नाही. हावरटासारखा प्यायला. किती वर्षांत मीठ चाखलं नव्हतं कोण जाणे. मी दुसरी वाटी भरली. ती संपवली. तिसरी त्याने स्वतः मागितली. म्हणजे तुझ्या तीन वाट्या शेवटी खऱ्या झाल्या, आठ महिने उशिरा.

फेयो मागून ओरडला, "काय रे ट्रापिचे, आता पुन्हा पन्नास सामने का?" असा हशा उठला की माक्सिमिनाने मिशीत हसून घेतलं आणि वाटी पुढे केली.

मग मला काय वाटलं कोण जाणे, हात आपोआप खिळ्याकडे गेला. टोपी काढली, फडक्याने पुसली आणि म्हटलं, "कोंपाद्रे, तुझी ठेव. इतकी वर्षं सांभाळली. आशीर्वाद घे." आणि माझ्या हातांनी त्याच्या डोक्यावर ठेवली. थोरल्या बाईचा हात कोण झटकतो? खालून पोरीने टाळ्या वाजवल्या. टोपी वरच्या वर, बशी ठेवल्यासारखी. हातात रश्श्याची वाटी. फोटोवाल्यांच्या दिव्यांनी डोळे दिपले.

तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "कोमाद्रे, आता फिटलं?"

त्याला सगळं कळलं होतं. डोळे भरले होते, आणि टीव्हीवरच्यासारखे नाही, खरोखर. मला गलबलून आलं, लेओ. त्याचे गुडघे दुखतात, पाठ फोडांनी भरलीय, तिकडे सगळ्यांना रोज त्याच्याकडून चेंडू कुंपणापार हवा. पेटी त्याच्याकडे कोणी आणली, कोणी बघितली, कोणी नाड्या बांधल्या, ते सगळे सुटले. पण त्याने त्या पेटीचा दोष माझ्या पातेल्यात ओतला होता. मी म्हटलं, "फिटलं. आता केक खा."

तुमचे लोक लिहीत होते भराभरा. काय लिहितायत म्हणून डोकावले तर एकाची पहिली ओळ: "मोठ्या मनाच्या ट्रापिचेने रश्श्याला माफ केलं." मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून घेतलं.

आत्या


सांतो दोमिंगो
२६ डिसेंबर

प्रिय आत्या,

योकास्ताने चिठ्ठी दिली. ती माझ्याशी बोलत नाही, फक्त चिठ्ठी दिली.

त्या रात्री मी कचेरीत पानं लावत होतो आणि सान पेद्रोहून फोटो येत होते. त्यांत ट्रापिचेचा तो टोपीतला फोटो आला. सात वर्षं मी त्याच्यावर लिहिलं आत्या, रविवारचं अख्खं पान लिहिलं. त्या सगळ्यात जे नव्हतं ते त्या टोपीत होतं.

मी बसलो आणि लिहिलं. पेटी, पडदा, नाड्या, वकिलाची खोली, संपर्क होऊ शकला नाही, सगळं. तुझं नाव घालून. संपादकसाहेबांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तावारेस, नाताळात लोकांना असलं वाचायला देतात का?" आणि तिथे 'मोठ्या मनाचा ट्रापिचे' लावलं. पण फोटो त्यांना आवडला. पोरगी, टाळ्या, रस्सा, टोपी. म्हणाले, पहिल्या पानावर घ्या, खाली एक ओळ टाका, आणि ते घरी गेले. फोटोखालची ओळ कोण तपासतो?

ती ओळ मी लिहिली.

सकाळी सातपासून फोन. आधी वकील, मग साहेब, मग ट्रापिचेचा तो पेटीवाला गृहस्थ, तो तर माझ्या आईवर घसरला. ट्रापिचेचा नाही आला. जानेवारीपासून माझी बदली घोड्यांच्या शर्यतींच्या पानावर झाली आहे. उत्तरेत जाणं बंद. योकास्ताला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, घरी राहशील," आणि भात वाढला. बोलली म्हणजे.

मी तुझ्याकडे यावं का?

लेओ


सान पेद्रो
६ जानेवारी २००७

बाळ लेओ,

ते वर्तमानपत्र आमच्याकडे दुपारी आलं आणि संध्याकाळपर्यंत चौकात एक प्रत उरली नाही. न्हाव्याने फोटो आरशाला चिकटवलाय. पोरं डोक्यावर नारळाच्या कवट्या ठेवून रस्त्यात चेंडू खेळतात आणि जो मारतो तो म्हणतो, मी ट्रापिचे. मी त्यांना दटावते, पण हसू येतं.

वरचा तो मोठ्या मनाचा लेख कुणी वाचला नाही. तुझी ओळ मात्र गावाला पाठ झालीय. काल एक जण रस्सा पिता पिता मोठ्याने म्हणत होता: "एव्हारिस्तो केसादा, वय बत्तीस, दोन्या एदुविहिसच्या खानावळीत तिसरी वाटी पिताना. डोक्यावर त्याची स्वतःची, एकोणिसाव्या वर्षीची टोपी." बास. सगळे माना हलवतात आणि दुसरी वाटी मागतात. दोन्ही खोल्या भरतात. फेयो पुन्हा टोपी काढून बोलतो.

मला रडू आलं, खोटं नाही सांगत. इतकी वर्षं मी तुझे लेख कापून ठेवले, आणि खरं लिहिलंस ते फोटोखाली, बारीक अक्षरात, कुणी बघत नसताना. तरी लिहिलंस. आता मला कोणी विचारलं की तुझा भाचा वर्तमानपत्रात आहे ना, मग? तर मी बोटाने दाखवते.

घोड्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांनाही काय काय टोचतात म्हणे, नीट बघ. घोडा कुणाचा कोंपाद्रे नसतो, आणि तबेल्यात गमबूट घालून जायचं असतं, त्यांना नाड्या नसतात.

तुझा तो एप्रिलातला लेख मी चौकटीतून काढला आणि चुलीत घातला. मोठा होता, पाणी उकळेपर्यंत पुरला. त्या चौकटीत आता फोटो आहे. खालची ओळ कापलेली नाही. टोपी पुन्हा खिळ्यावर.

विचारतोस काय, ये! रविवारी ये, पोरीला घेऊन ये, रस्सा करते. मात्र एक अट. एक वाटी प्यायलास तर बाहेर जाऊन एकच सांगायची.

तुझी आत्या,
एदुविहिस